पडण्याची सचित्र वही

रविवार, ९ मार्च
दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (यातला ‘साष्टांग’ या खेपेला शब्दशः घ्यावा. आठही अंगं जमिनीला कशी टेकतात हे मला आता सरावाने कळलंय, आणि त्यांतल्या काहींची हकिगत पुढे येईलच.)

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. कामाचा व्याप वगैरे सांगणार होतो, पण खरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. मी तुला लिहितच होतो. माझ्या फोनमधल्या वहीत ‘ताईला पत्र : मुद्दे’ असं एक पान आहे. त्याला ‘ताईला पत्र : मुद्द्यांची फेररचना’ असं दुसरं पान जोडलेलं आहे. मी त्यांत नेमाने भर घालत होतो, त्यामुळे आपला पत्रव्यवहार जोरात चालू आहे असं मला मनापासून वाटत होतं. परवा बायकोने विचारलं, “ताईंचं काही उत्तर?” तेव्हा लक्षात आलं की तुझ्यापर्यंत अक्षरही पोचलेलं नाही. म्हणून आज मुद्दे बाजूला ठेवून सरळ कागद घेतलाय. आठवेल ते खरं, राहील ते तुझं नशीब.

गुडघा कसा आहे? नव्या सांध्याने जिना चढतेस की अजून जिन्याकडे बघून लिफ्टचं बटण दाबतेस? भावोजी फिरायला जातात, की फिरायला जायचे बूट घालून पेपर वाचत बसतात? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (लिहून झाल्यावर तपासलं, तर हे वाक्य पुरतं खरं नाही. बायको मजेत आहे. मी अर्धामुर्धा. चिमणीच्या कपाळावर टेंगूळ आहे आणि ते माझ्यामुळे आलंय. शिवाय पुढच्या रविवारी तिची ब्राउन बेल्टची परीक्षा आहे आणि तीत मी असणार की नसणार, हा या घरातला सध्याचा एकमेव प्रश्न आहे. म्हणजे माझा एकमेव. बाकीच्या दोघींना इतरही प्रश्न आहेत.)

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो. चिमणी हे नाव आपण तिला ती पाळण्यात असताना ठेवलं. आज चिमणी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि मला कमरेवर उचलून पलीकडे टाकू शकते. गेल्या वर्षापर्यंत मी तिला ज्यूदोच्या वर्गाला फक्त सोडायला जायचो आणि चपलांच्या कपाटाशेजारच्या बाकावर बसून ऑफिसची प्रुफं तपासायचो. तिथल्या मॅडम बुटक्या, गोल चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या आहेत. एकदा माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, “रोज बसून कंटाळता. त्यापेक्षा पडत चला.” मला वाटलं, गंमत करताहेत. पुढच्या आठवड्यात मी पांढरा गणवेश घालून मॅटवर उभा होतो. बाई गंमत करत नाहीत, हे मला त्या संध्याकाळीच समजलं.

माझा धंदा तुला माहीत आहे. जगात कोणीच वाचत नाही अशा पुस्तकांचा मी लेखक आहे. वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती माझी. त्यामुळे कुठलीही गोष्ट नीट पायऱ्या पाडून लिहिली की माणसाला ती येते, या श्रद्धेवर माझं घर चालतं. साहजिकच पहिल्याच महिन्यात मी फोनमध्ये ज्यूदोची वही उघडली. साधी वही नव्हे हं. प्रत्येक डावाला स्वतंत्र पान, पानाला रंग, रंगाला खूण, खुणेवर बोट ठेवलं की त्या जातीचे सगळे डाव रांगेत हजर. ‘पडणे’ या मुख्य पानाखाली मागे पडणे, कडेला पडणे, पुढे पडणे आणि नकळत पडणे अशी पोटपानं. (शेवटचं अजून रिकामं आहे. लिहायला गेलं की ते नकळत राहत नाही.) आकृत्या मी स्वतः काढल्या. धंद्याची सवय अशी की इशाऱ्याचा त्रिकोणही आपोआप आला : ‘ही क्रिया सुरू करण्यापूर्वी तोंड बंद असल्याची खात्री करा.’ शेवटी नेहमीचा तक्ताही टाकला. समस्या : वापरकर्ता जमिनीवर. संभाव्य कारण : चिमणी. उपाय : उठणे.

वहीचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. मॅडम एकदा सांगतात आणि पुढे जातात, मी मात्र घरी येऊन त्यांचं वाक्य तीन जागी नोंदवतो. पिवळा बेल्ट मला मिळाला तो या वहीमुळे असं मी सगळ्यांना सांगतो. (चिमणीच्या मते तो मला मॅडमच्या दयेमुळे मिळाला. खरं काय ते मी शोधत बसलो नाही, आणि एरवी प्रत्येक गोष्ट शोधणारा मी हीच का शोधली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.) पण वहीची एक सोय माझ्या अंगाशी आली, ते ऐक. पडण्याची भीती घालवायची तर दिवसाच्या कुठल्याही क्षणी मन तयार पाहिजे, असं मी कुठेसं वाचलं. म्हणून धीर देणारी वाक्यं स्वतःच्याच आवाजात वहीत भरली आणि ती दिवसभरात केव्हाही, न सांगता वाजतील अशी व्यवस्था केली. कल्पना उत्तम होती. ऑफिसच्या बैठकीत आमचे साहेब, ज्यांना बसायला लागणारी खुर्ची वेगळी मागवलेली आहे, इस्त्रीच्या पुस्तिकेत किती चुका राहिल्या ते सांगत होते. मध्ये ते पाणी प्यायला थांबले. त्या शांततेत माझ्या खिशातून माझाच आवाज ठणठणीत आला, “घाबरू नकोस. दिसतो तेवढा जड नाहीये.” आणि कोणी काही बोलायच्या आत, “येऊ दे त्याला जवळ.”

पुढची सूचना ‘हनुवटी छातीला’ अशी होती. ती ऐकून मी सवयीने हनुवटी छातीला लावली, आणि त्यानेच वाचलो. खाली मान घातलेला माणूस बघून साहेबांना वाटलं, याला आपल्या चुकांची लाज वाटतेय. “असू द्या, असू द्या,” म्हणाले. इस्त्रीची पुस्तिका मात्र पुन्हा माझ्याकडेच आली.

असो. मुद्द्यावर येतो. (तू म्हणशील, मुद्दे बाजूला ठेवून लिहितोयस ना? हो. हा एकच ठेवलाय.) ब्राउन बेल्टच्या परीक्षेत जोडीचं एक प्रात्यक्षिक असतं. एकाने ठरलेले डाव टाकायचे, दुसऱ्याने पडायचं. गुण टाकणाऱ्याला, पण पडणारा चुकला तर टाकणाराही गेला. चिमणीची जोडीदारीण तिच्या वर्गातलीच एक मुलगी होती. डिसेंबरात त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि चिमणी एकटी पडली. तिच्या वयाचं, उंचीचं दुसरं कोणी नाही. आठवडाभराने एका सकाळी मी डबा भरत असताना ती फ्रीजला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, तू पडशील का माझ्याकडून?” ताई, पंधरा वर्षांची मुलगी बापाकडे चार्जरखेरीज काही मागत नाही. मी म्हटलं, “बघू, वेळ कसा मिळतो.” आणि ती गेल्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून त्याला सोनेरी खूण लावली. सोनेरी खूण तोवर मी कशालाच लावली नव्हती.

मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि “प्रयत्न करा” म्हणाल्या. मग मी जी मेहनत घेतली, तिला तोड नाही. मॅडम आणि त्यांच्या जुन्या शिष्याचं प्रात्यक्षिक मी बाकावर बसून फोनवर टिपून आणलं होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून, पडद्यावर मी मलाच दिसेन अशा बाजूच्या कॅमेऱ्याने माझा सराव टिपायचा. मग दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून तुलना. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मॅडमचा शिष्य सुरुवात उजव्या पायाने करतोय आणि माझ्या चित्रफितीतला मी डाव्या. आश्चर्य वाटलं, कारण मी उजवाच पाय टाकला होता असं मला पक्कं आठवत होतं. पण स्मरणशक्ती आणि पुरावा यांत मी नेहमी पुराव्याच्या बाजूने असतो. वहीत नोंद केली : ‘गंभीर चूक. डावा-उजवा गोंधळ. माणूस स्वतःविषयी किती खोटं धरून चालतो!’ आणि चित्रफितीतला मी मॅडमच्या शिष्यासारखा दिसेपर्यंत पाय बदलले, हात बदलले, पडायची कूस बदलली. पूर्ण फेब्रुवारी त्यात गेला. अंगावर निळे डाग पडले. पण शेवटी दोन्ही चित्रफिती अशा तंतोतंत जुळल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं फुगवलं. डोळ्यांत पाणी कांद्यामुळे होतं, बायको शेजारीच चिरत होती. पण समाधान खरं होतं.)

मॅडमसमोर पहिली तालीम झाली त्या दिवशी मी इतका तयार होतो की आयुष्यात कशालाच नव्हतो. वाकून नमस्कार झाला. चिमणी समोर उभी, चेहरा गंभीर. मी पाय टाकला. डावा. तिने मला घ्यायला कंबर वळवली, तर त्या बाजूला मी नव्हतोच. मी पूर्ण आत्मविश्वासाने दुसऱ्या बाजूने येत होतो. कपाळावर कपाळ आदळलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळ्या वर्गाने वळून पाहिलं. (सगळ्या नाही. लहान मुलं आपल्या खेळात होती.) मॅडम म्हणाल्या, “पुन्हा.” पुन्हा तेच, फक्त या खेपेला माझ्या कोपराला तिची बरगडी मिळाली. “बाबा, उजवा!” “उजवाच टाकतोय!” मी म्हटलं, आणि खाली पाहिलं तर पाय डावा होता. पण माझ्या पायांना ते मान्य नव्हतं. चार आठवड्यांच्या पुराव्यावर त्यांचा विश्वास बसलेला होता.

चिमणी भडकली नाही. भडकली असती तर बरं झालं असतं. बर्फाची पिशवी कपाळाला लावून चपलांच्या कपाटाशेजारी माझ्याजवळ बसली आणि शांतपणे म्हणाली, “राहू दे बाबा. दंतवैद्य काका येतील. तसंही तू पडताना मनात पान उघडतोस. मला दिसतं.” (दंतवैद्य काका म्हणजे माझ्यासारखेच मोठेपणी या वर्गात शिकायला आलेले एक गृहस्थ.) मी विचारलं, “काय दिसतं?” म्हणाली, “डोळे वर जातात तुझे. शोधत असतोस.”

घरी आल्यावर मी वहीतली माझी चित्रफीत लावून चूक शोधायला बसलो. बायको चहाला साखर घ्यायला आली. तिला डबा हवा होता आणि डब्याला फोन टेकलेला होता. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे कुठलाही पडदा दिसला की आधी अक्षरं बघते. क्षणभर बघून म्हणाली, “अरे, तुझ्या बनियनवरची अक्षरं उलटी आहेत.” मी म्हटलं, “हो, ते मी नोंदवलंय.” (नोंदवलं होतंच. ‘अक्षरं उलटी – का? नंतर बघणे.’ ‘नंतर बघणे’ ही खूण असलेली पानं माझ्या वहीत सगळ्यांत जास्त आहेत.) “आणि मागचं घड्याळ उलटं चालतंय.” “तेही नोंदवलंय.” तिने डबा काढून घेतला, फोन आडवा झाला, आणि साखर घालता घालता म्हणाली, “म्हणजे सगळं नोंदवलंस, फक्त पाहिलं नाहीस. अरे बाबा, तो कॅमेरा आरशासारखं दाखवतो.”

ताई, आरशात बघून भांग पाडणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळलं असतं. मी पहिल्या दिवशी बरोबर होतो. मेहनत घेऊन, पुरावे तपासून, स्वतःवर अविश्वास दाखवून मी स्वतःला चुकीचं शिकवलं. मला शंका घ्यायची एवढी सवय, पण ती सगळी मी स्वतःवर खर्च केली, फोनसाठी थोडीही ठेवली नाही. बायको म्हणाली, “जाऊ दे, निदान दुसऱ्या कोणाला हा घोळ जमला नसता.” ती हे कौतुकाने म्हणाली की कसं, याचा मी अजून विचार करतोय.

तेव्हापासून दंतवैद्य चिमणीचा जोडीदार आहे. माणूस सज्जन आहे. पन्नाशीचा, सडपातळ, आणि पडतो तर असा, जणू पलंगावरून रेशमी चादर घसरावी. आवाज नाही, धडपड नाही. मी पुन्हा बाकावर. प्रुफं हातात असतात, पण त्यांत लक्ष नसतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी वहीत ‘दंतवैद्य : दोष’ असं पान उघडलं. तीन तालमी बारकाईने पाहून त्यात एकच नोंद झाली : ‘उठताना मॅटवर सांडलेला स्वतःचा घाम पुसतो.’ मग विचार केला की हा दोष नाही, आणि तेही खोडलं. दरम्यान मी घरी उजवा पाय टाकायला पुन्हा शिकतोय, कॅमेऱ्याविना. आता तो बहुतेक वेळा उजवाच असतो. पण चिमणीला हे सांगायची माझी छाती होत नाही. ती माझ्या टेंगळाकडे बघते, मी तिच्या, आणि दोघंही भाजी वाढून घेतो.

तर असं चाललंय. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – लिफाफा चिकटवण्याआधी आणखी एक. एवढं लांबलचक पत्र तुझी खुशाली विचारायला लिहिलंय असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखत नाहीस. (विचारली तीही मनापासूनच.) काम असं आहे : चिमणी जगात कोणाचं ऐकत असेल तर तिच्या आत्याचं. तू तिला फोन कर. मी सांगितलं असं सांगू नकोस. बोलता बोलता सहज म्हण, परीक्षेत घरचं माणूस असलेलं बरं असतं. दंतवैद्य माणूस सज्जन असला तरी शेवटी परका, दात दुखला की जाईल निघून. (हे शेवटचं जरा विचार करून म्हण. दात त्याचा दुखणार की पेशंटचा, असं ती विचारेल.) रविवार जवळ आलाय, तेव्हा पत्र मिळाल्या मिळाल्या कर.

ता. क. २ – संध्याकाळ. फोन करू नकोस.

चिमणी तालमीहून (आज पत्रापायी मी बाकावर गेलो नव्हतो) आली ती चपला भिरकावतच. बॅग सोफ्यावर, बेल्ट जमिनीवर. बायकोने विचारलं, “काय गं, काय झालं?” म्हणाली, “दंतवैद्य काका आधीच पडतात!” मी हातातलं पत्र उलटं केलं आणि विचारलं, आधी म्हणजे? “म्हणजे मी हात लावते न लावते तोच हे खाली. छान पडतात, पण मी टाकलेलंच नसतं. आज मॅडम म्हणाल्या, डाव कोण टाकतंय, तू का ते? परीक्षकांना लगेच कळेल.” मग माझ्याकडे वळली. मी टेबलावरचा चुरा गोळा करायला लागलो. म्हणाली, “तू निदान आपणहून पडत नाहीस. तुला पाडावं लागतं.” ताई, मला आजवर मिळालेलं हे सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र. मी म्हटलं, “मला उजवा पाय येतो आता.” ती म्हणाली, “माहितीय. सकाळी स्वयंपाकघरात धडाधडा आपटत असतोस. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या, तुमच्याकडे फरशीचं काम निघालंय का?”

पण अटी आहेत. एक, माझ्या उजव्या पावलावर ती रोज पेनाने मोठा ठिपका काढणार. दुसरी, परीक्षा होईपर्यंत वही बंद. उघडायची नाही, लिहायचं नाही, “बाबा, बाथरूममध्ये जाऊनही नाही.” मी लगेच कबूल झालो. (लगेच नाही. ‘निदान आजची नोंद’ असं मी म्हटलं. तिने नुसतं पाहिलं. अगदी मॅडमसारखं पाहते.) फोन आता साखरेच्या डब्याच्या आत आहे, आणि डबा बायकोच्या ताब्यात.

त्यामुळे उद्याचं काम लिहायला मला तुझ्या पत्राखेरीज दुसरी जागा उरलेली नाही. इथे लिहितो, म्हणजे पत्र पोस्टात पडलं की ते परत काढून बघायचा मोह होणार नाही. तू फक्त जपून ठेव.

उद्या : चिमणी पाडेल तेव्हा पडणे.